मदत हवी आहे: पाळीच्या आधी आठ-दहा दिवस नवरा परका वाटतो

वय ३४, लग्नाला ७ वर्षं, एक मुलगी. गेले कित्येक महिने हे मनात घेऊन फिरतेय. कुणाशी बोलायचं ते कळत नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझी पाळी नियमित आहे, २८ ते ३० दिवसांची. पाळी संपली की पुढचे दहा-बारा दिवस फार छान जातात. नवरा घरी यायची वाट बघते, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून तासभर काहीबाही बोलत बसते, जवळ यावंसं वाटतं. मग साधारण २०व्या-२१व्या दिवसापासून काहीतरी बिनसतं. त्याच्या श्वासाचा आवाजसुद्धा नकोसा होतो. दार जरा जोरात लागलं तरी छातीत धस्स होतं. तो प्रेमाने काही विचारतो आणि मी तोडून टाकल्यासारखं उत्तर देते. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसत असतो, आणि तरी तोंडातून पुढचं वाक्य निघतंच.

मागच्या महिन्यातलं सांगते. २५वा दिवस होता. मी कपड्यांच्या घड्या घालत उभी होते. त्याने मागून येऊन मिठी मारली. त्या दिवसांत माझी छाती इतकी जड झालेली असते की ब्लाउजचा काठ लागला तरी कळ येते. मी कोपराने त्याला ढकललं आणि ओरडले, "सोड ना!" त्याचे हात खाली पडले. "दुखतंय" एवढा एक शब्द मला बोलता आला नाही. तो काही न बोलता बाहेरच्या खोलीत जाऊन झोपला.

त्या रात्री मी जागीच होते. वेगळं राहायचं ठरवलं तर कुठे राहीन, पगारात भागेल का, मुलगी कुणाकडे राहील, याचा हिशेब करत होते. रागाच्या भरात माणूस म्हणतो तसं नाही, अगदी थंड डोक्याने, आकड्यांनिशी. आमचं काही उरलेलं नाही याची मला पक्की खात्री पटली होती.

चार दिवसांनी पाळी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर त्याचे पाय पांघरुणाबाहेर आले होते. टाचेला पडलेली भेग दिसली आणि मला इतकं भरून आलं की मी तिथेच बसून रडले. तोच माणूस, तेच पाय. पाच रात्रींपूर्वी मी या माणसाला सोडून निघाले होते.

भीती वाटते ती याची. यातली खरी मी कोणती? प्रेम असेल तर ते दर महिन्याला आठ दिवस जातं कुठे? आणि प्रेम नसेल, तर पाळी आल्यावर मी स्वतःला फसवते का?

अजून एक गोष्ट, आणि ही जास्त टोचते. त्याला आता माझ्या तारखा पाठ झाल्या आहेत. मी काहीही बोलले की, "तारीख जवळ आली वाटतं." आमचा रविवार तो परस्पर कुणाला तरी देऊन टाकतो, मला विचारत नाही. परवा त्याबद्दल मी बोलत होते, तर त्याने मोबाइल काढला आणि विचारलं, "आज कितवा दिवस?" माझं म्हणणं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण त्या एका प्रश्नानंतर मी एकदम लहान झाले.

पाळीचा प्रेमावर, मायेवर खरंच इतका परिणाम होतो का? हे आजारात मोडतं का? आणि त्या दिवसांतला माझा कोणता राग खरा धरायचा, हे कसं ओळखायचं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी पाणी प्या आणि शांत व्हा. तुम्ही वेड्या नाही आणि वाईट बायकोही नाही. छाती दुखण्याचं तुम्ही जे लिहिलंय ते मी माझ्या नवऱ्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी सांगितलं. नऊ वर्षं त्याला वाटत होतं की मला महिन्यातून काही दिवस त्याची शिसारी येते! पुरुषांना हे ठाऊक नसतं हो, त्यांना कोण सांगणार? आता मी सरळ म्हणते, "आज पुढून नको, पाठीवर हात ठेव." तो ठेवतो. कधी कधी तसेच झोपतो आम्ही. त्या रात्री बोलला नाहीत तो एक शब्द आज बोलून टाका. बाकीचं जाणकार सांगतीलच.

प्रतिसाद २

मी नवऱ्याच्या बाजूने लिहितोय. रागावू नका.

"आज कितवा दिवस" हा प्रश्न मीही विचारलेला आहे. तेव्हा मला वाटायचं की मी समजूतदारपणा दाखवतोय, बायकोला तिच्या त्रासातून सूट देतोय. तिला मात्र ऐकू यायचं ते असं, की तुझ्या बोलण्याला आज किंमत नाही. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. भांडणाच्या मधे दिवस मोजायचे नाहीत हा आमचा नियम आहे, आणि तो मी पाळतो. दिवस मी मोजतो, पण माझ्यासाठी. २२वा लागला की तिच्यावर एखादं काम कमी पडेल असं बघतो आणि तिच्या तुटक उत्तराला उत्तर देत नाही. जवळ जायच्या आधी विचारतो, "बसू का जवळ, की एकटीला बसायचंय?" बऱ्याचदा उत्तर येतं, "बस, पण बोलू नकोस." तेवढं पुरतं.

आता माझीही एक बाजू सांगतो, कारण ती कुणी बोलत नाही. त्या आठ दिवसांत बायको जे बोलते ते पाळी आल्यावर तिच्या मनातून जातं, माझ्या मनातून जात नाही. "तुझ्याशी लग्न करून चूक केली" हे वाक्य मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपलोय. ती मोकळी हसायला लागायची तेव्हा मी अजून दबकत चालत असायचो, आणि तिला वाटायचं हा उगाच फुगून बसलाय. मग आमच्यात एक सवय लागली. तिची पाळी आली की ती येऊन म्हणते, "परवा मी अमुक बोलले, ते लागलं असेल." कारणं देत नाही, नुसतं वाक्य आठवून सांगते. ताई, तो बाहेरच्या खोलीत झोपला ती रात्र त्याच्याकडे शिल्लक असेल. तिची चौकशी करा.

प्रतिसाद ३

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करता येत नाही, पण तुमची वर्णनं इतकी नेमकी आहेत की काही गोष्टी समजावून सांगता येतील.

तुमचं चक्र २९ दिवसांचं धरू. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे तुमच्यात १५व्या दिवसाच्या आसपास. त्याआधी इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढत असतं. हा काळ बऱ्याच जणींना उत्साहाचा जातो, आणि जवळिकीची इच्छाही सरासरीने याच सुमारास जास्त असते. सरासरीने म्हणतेय, कारण काही जणींना ती पाळीच्या तोंडावर किंवा पाळीत जास्त वाटते, आणि तेही अगदी सामान्य आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं. ते साधारण आठवडाभराने टोकाला पोचतं, म्हणजे तुमच्या २१व्या-२२व्या दिवशी. मग गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरकं शेवटच्या काही दिवसांत झपाट्याने उतरतात. तुमचं "काहीतरी बिनसतं" २०-२१ ला सुरू होतं आणि २५ ला टोकाला जातं. म्हणजे तुमच्या नोंदी आणि शरीराचं वेळापत्रक जुळतंय. छाती जड होऊन दुखणं, अंगाचं तापमान किंचित वाढणं, झोप सावध होणं, हे सगळं त्याच पंधरवड्यातलं. झोप मोडलेल्या आणि अंग दुखणाऱ्या माणसाला कुणाचाही स्पर्श नको होतो. त्यातून प्रेम आटलं असा अर्थ काढू नका.

पुष्कळ जणी हार्मोन्सची रक्ततपासणी करून घेतात आणि रिपोर्ट नॉर्मल आला की "म्हणजे सगळं मनाचेच खेळ" असं ऐकून घरी जातात. तसं नसतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक महत्त्वाचा प्रयोग आहे. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांच्या बीजांडकोशांचं काम औषधाने काही काळ थांबवलं, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचा त्रास उतरला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं, तर त्रास परत आला. ज्यांना मुळात असा त्रास नव्हता त्यांना हेच सगळं दिलं, आणि त्यांच्या मनःस्थितीत काही फरक पडला नाही. म्हणजे संप्रेरकं सगळ्यांमध्ये सारखीच चढतात-उतरतात. त्या चढउताराला काहींचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. यात स्वभावाचा दोष नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही.

सौम्य त्रासाला पीएमएस म्हणतात. हे नाव वैद्यकात १९५३ पासून आहे. त्याचं तीव्र रूप म्हणजे पीएमडीडी. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. तो फार थोड्या स्त्रियांना असतो, पण ज्यांना असतो त्यांचं घर, नोकरी, नाती हलतात. तो ओळखायचा तर एकच रस्ता आहे: किमान दोन चक्रं, रोज रात्री नोंद. चिडचिड, रडू, उदासी, घालमेल, झोप, मन दुखावलं जाणं, भांडण, प्रत्येकाला १ ते ६ आकडा. महिन्याच्या शेवटी आठवून लिहू नका, आठवण दगा देते. पाळी संपल्यावरचा आठवडा जवळजवळ स्वच्छ असेल आणि पाळीआधीचा आठवडा काळाकुट्ट, तर आपण त्या दिशेने विचार करतो. महिनाभर उदासी आणि पाळीआधी ती दुप्पट, असं असेल तर मुळात नैराश्य असू शकतं, आणि त्याचे उपचार वेगळे. थायरॉईड आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही एकदा तपासून घ्या.

उपाय आहेत, हे ठामपणे सांगते. नियमित व्यायाम, झोपेची वेळ सांभाळणं आणि विचारांवर काम करणारं समुपदेशन यांनी काहींचं भागतं. कॅल्शियमचा काही प्रमाणात फायदा दिसलेला आहे. बी-६ जीवनसत्त्व मनाने जास्त घेऊ नका, जास्त मात्रेने नसांना इजा होते. तीव्र त्रासात सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूतल्या एका रसायनावर, काम करणारी औषधं देतात. नैराश्यात ती लागू पडायला काही आठवडे लागतात, इथे मात्र काही दिवसांतच फरक दिसू शकतो, त्यामुळे काही जणींना ती चक्राच्या उत्तरार्धात तेवढी दिली तरी चालतात. स्त्रीबीज तयार होणं थांबवणाऱ्या काही गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो, पण काही जणींचा मूड त्याच गोळ्यांनी बिघडतो. म्हणून हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

एक प्रश्न थेट विचारते. त्या रात्री "वेगळं राहीन" यापलीकडे, "मी नसलेलीच बरी" असा विचार येतो का? येत असेल तर दोन महिने नोंदी करत थांबू नका. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि नवऱ्याला हे सांगून ठेवा.

प्रतिसाद ४

वरचं सगळं मान्य करून थोडं वेगळं सांगते. सगळा राग पाळीच्या खात्यावर टाकू नका. मी दहा वर्षं तेच केलं. महिन्याचे तीन आठवडे मी गोड होते, जे सोसायचं ते सोसत होते. चौथ्या आठवड्यात सोसण्याची ताकद संपायची आणि खरं ते तोंडातून यायचं. मग पाळी आली की मीच माफी मागायची. माझ्या संसारात खरंच मोठा अन्याय होता, आणि तो मला फक्त त्या सात दिवसांत दिसायचा. तुमच्याकडे तसंच असेल असं मुळीच म्हणत नाही. तुमच्या नवऱ्याबद्दल तुम्ही ज्या मायेने लिहिलंय त्यावरून तसं वाटतही नाही. पण रविवारचा मुद्दा सोडू नका. तो २५व्या दिवशी बरोबर असेल तर १०व्या दिवशीही बरोबरच आहे.

प्रतिसाद ५

वय ४६. तुमच्या वयात मला यातलं काहीच नव्हतं. गेल्या दोन वर्षांत पाळी कधी २२ दिवसांनी, कधी ५० दिवसांनी येते आणि मनःस्थितीचं तसंच झालंय. पाळी जायच्या आधीच्या या काळात संप्रेरकं फार वरखाली होतात, असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. तुम्हाला निदान दिवस मोजता येतात, मला तेही जमत नाही. त्यामुळे मी रोज सकाळी घरात सांगून टाकते, आज कशी आहे ते. दोन शब्द पुरतात. वयात आलेला मुलगाही आता ते ऐकून घेतो.

धागा काढणारी: अडीच महिन्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तसा विचार एकदाही आलेला नाही. नवऱ्याला मात्र तो प्रश्न वाचून दाखवला, आणि कधी आला तर लपवणार नाही असं कबूल केलंय.

"दुखतंय" हे त्याच रात्री सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलं तुला माझा वास नकोसा झालाय." एवढे महिने तो ऑफिसमधून आल्याबरोबर आंघोळीला का पळायचा, ते मला तेव्हा कळलं.

वही केली. दोन पूर्ण चक्रं, एकही रात्र न चुकवता. आकड्यांच्या शेजारी मी आणखी एक रकाना ठेवला होता, आज त्याच्याबद्दल काय खटकलं. ६ ते १७ या दिवसांत आकडे सगळे १ नि २. २१ पासून ४, ५, आणि २५-२६ ला सलग ६. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा २. इतकं सरळ चित्र निघेल असं मला वाटलं नव्हतं. ते बघून मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण गेलेली किती वर्षं अशीच गेली असतील.

मग ८व्या दिवशी मुलगी झोपल्यावर आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि खटकल्याचा रकाना वाचला. श्वासाचा आवाज, दार, ओला टॉवेल, "हं" म्हणायची पद्धत, हे सगळं फक्त २१च्या पुढे. बाकी दिवसांत त्यांचा उल्लेखही नाही. पण "मला न विचारता रविवार ठरवला" हे ७व्या दिवशी होतं, १२व्या दिवशी होतं, २३ला होतं आणि २६लाही होतं. ७व्या दिवशी एकच ओळ, बारीक अक्षरात. २६व्या दिवशी अर्धं पान, आणि पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर अक्षरं उमटली होती.

त्याने दोन्ही पानं शेजारी धरली. मग विचारलं, "सातव्या दिवशी तू मला का नाही बोललीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण बोलायला वेळ लागला. ते दिवस चांगले असतात म्हणून मी ते जपते. मागच्या आठ दिवसांचं देणं फेडायचं असतं, त्यात नवी कटकट कशाला, असं वाटतं. म्हणजे त्या दिवसांतही मी पुरती खरी नव्हतेच. प्रतिसाद ४ मधल्या ताई, तुमचं लिहिणं मी त्या रात्री पुन्हा वाचलं. रविवारचं आता ठरलंय, दोघांनी मिळून ठरवल्याशिवाय कुणाला शब्द द्यायचा नाही. गेले तीन रविवार त्याने पाळलं, एकदा विसरला आणि त्याच दिवशी स्वतः सांगितलं. आणि मी आता ठरवून ८व्या-९व्या दिवशी बोलते, त्रास नसतो तेव्हाच. "कितवा दिवस" हा प्रश्न त्याने परत विचारलेला नाही. पाळी आल्यावर मीही लागलेलं वाक्य आठवून सांगते. ते मला फार जड जातं. मागच्या महिन्यात तीन वाक्यं निघाली, आणि त्यातलं एक मी बोलले होते हे मला आठवतही नव्हतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वही घेऊन गेले. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन ठीक आहे. वही बघून त्यांनी तीव्र पीएमएस, कदाचित पीएमडीडी, असं म्हटलं आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. १८ दिवसांनी आहे. उत्तरार्धात तेवढीच घ्यायची गोळी त्यांनीही सुचवली आहे, निर्णय तिथे होईल.

आता माझा उरलेला प्रश्न, आणि ज्यांनी हे औषध घेतलंय त्यांनीच सांगावं. राग उतरतो हे वाचलं. पण माया टिकते का? मला नुसतं शांत व्हायचं नाहीये. त्या आठ दिवसांतही तो घरात आला की बरं वाटायला हवंय. सेरोटोनिनच्या औषधांनी जवळिकीची इच्छा कमी होऊ शकते असंही डॉक्टरांनी सांगितलं, त्यामुळे जास्तच धास्ती वाटतेय. १५ दिवस घेऊन १५ दिवस थांबल्यावर इच्छा परत येते का? कुणाचा अनुभव असेल तर लिहा, चांगला-वाईट कसाही.

आज २४वा दिवस आहे. पाठीवर हात ठेव म्हटलंय, तो ठेवून बसलाय. नकोसं वाटत नाहीये, हवंहवंसंही वाटत नाहीये. तो म्हणाला, "तेही लिही," म्हणून लिहिलं.